दुसऱ्या बाजूचे शेवटचे गाणे

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे आणि मला राग आलेला आहे. हे आधीच सांगून टाकलेले बरे. आत्मवृत्त म्हटले की म्हाताऱ्या छत्रीने किंवा फुटक्या पाटीने हळूच डोळे पुसायचे, असा रिवाज आहे. मला ते जमणार नाही. माझ्या प्रत्येक बाजूला काठापासून मध्यापर्यंत गोल गोल गेलेला एक बारीक चर आहे. त्यात जे भरले आहे तेवढेच एरवी मला बोलता येते. आज त्याच्या बाहेरचे बोलणार आहे, आणि तुम्ही ते मध्येच थांबवू नका. मध्येच थांबवणाऱ्यांनीच माझा जीव खाल्ला आहे.

मी जन्मले एका कारखान्यात. काळ्या, गरम लगद्याचा गोळा दोन साच्यांमध्ये ठेवला, वरून दाब दिला, वाफ सोडली, आणि मी पोळल्या अंगाने बाहेर पडले. काठ कापून गोल केला. मग मला एका तपासनीस बाईंसमोर नेले. तिथे सगळ्या तबकड्या ऐकत नसत, ढिगातली एखादी उचलत. माझे नशीब की मला उचलले. त्या बाईंनी कानाला हेडफोन लावला, हातावर हनुवटी टेकवली आणि मला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले. दोन्ही बाजू. नंतर मान हलवून त्यांनी मला कव्हरात सरकवले. मला वाटले, जगात सगळे असेच ऐकत असतील. मी तेव्हा नवीन होते.

माझ्यावर गाणी होती चार लांब केसांच्या पोरांची. त्यांच्या संगीताला सायकेडेलिक रॉक म्हणत. गिटार उलटी वाजवलेली, आवाज विहिरीतून आल्यासारखे, ऑर्गन एकदा सुरू झाला की घरी जायचे नावच घेत नाही. कव्हरावर जांभळ्या समुद्रात तरंगणारी एक खुर्ची होती. पहिल्या बाजूला चार गाणी, दुसऱ्या बाजूला तीन. आणि ही सात गाणी सुटी सुटी नव्हती हो. एकाचे शेपूट दुसऱ्याच्या तोंडात होते. त्या पोरांनी ती तशी मुद्दाम गुंफली होती. सातवे, म्हणजे शेवटचे, सगळ्यात लांब. त्याचे नाव ‘सावकाश’. त्यात शब्द नव्हते.

मला विकत घेणारा माणूस चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. घरात त्याला सगळे दादा म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. दिवसभर हा माणूस लोकांच्या काचांवर साधा ओरखडा पडू देत नसे. मऊ फडक्याने पुसायचा, दिव्यासमोर धरायचा, परत पुसायचा. मी मनात म्हटले, चला, चांगल्या हातात पडले. दिव्याखाली अंधार असतो हे मला ठाऊक नव्हते.

घर दोन खोल्यांचे, वरच्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत रेकॉर्ड प्लेयर, दोन खुर्च्या, एक खाट, आणि दाराबाहेर सज्जा. आतल्या खोलीत दादाची धाकटी बहीण. ती एका शिंप्यासाठी घरी बसून काज-बटणाचे काम करायची. शर्टांचा ढीग एका बाजूला, झालेले दुसऱ्या बाजूला. मधले दार अर्धे उघडे असायचे.

आठवड्यातून एकदा संध्याकाळी दादाचे दोन दोस्त यायचे. एक बस ड्रायव्हर, त्याचा आवाज इतका मोठा की बसला हॉर्नची गरज नसावी. दुसरा पाट्या रंगवणारा पेंटर. हा मला ‘थाळी’ म्हणायचा. त्याच्यावरचा माझा राग तिथून सुरू होतो. तिघेही स्वतःला माझे कट्टर चाहते समजत. सुरुवातीला माझे जवळजवळ सगळे ऐकलेही त्यांनी, शेवटचे निम्म्यापर्यंत. पण नव्याचे नऊ दिवस. पुढे पुढे काय व्हायचे, तर दुसऱ्या बाजूचे दुसरे गाणे संपत आले की तिघे उठून सज्जात विडी-सिगारेट ओढायला जायचे. जाताना दादा आत हाक मारायचा, “धाकटे, संपलं की सुई उचल गं.”

धाकटी हातातले शर्ट ठेवून बाहेर यायची. जमिनीवर, प्लेयरच्या शेजारी बसायची. आणि ‘सावकाश’ ऐकायची.

आधी ऑर्गनचा एकच सूर लांबत जातो. मग ड्रम, काड्यांनी नाही, ब्रशने वाजवलेला. मग ती उलटी गिटार, कोणी श्वास आत घ्यावा तशी. निम्म्याच्या थोडे पुढे गेल्यावर सगळे थांबते. अगदी शांत. नवख्याला वाटते संपले. एकदा ड्रायव्हर काडेपेटी विसरला म्हणून आत आला, तेव्हा तिथेच होतो आम्ही. त्याने सरळ सुई उचलली. धाकटी म्हणाली, “अजून आहे.” तो म्हणाला, “कुठं आहे? बंद पडलं की.” आणि काडेपेटी घेऊन निघून गेला. तिने सुई परत बरोबर त्याच जागी ठेवली. शांततेतली जागा शोधून सुई ठेवायची म्हणजे खायचे काम नाही. काज करणारा हात होता तो.

त्या शांततेनंतर जे येते, ते त्या घरात फक्त तिने ऐकले होते.

मग एके दिवशी ड्रायव्हरच्या डोक्यात आले, आपापले आवडते गाणे निवडायचे. “एक माणूस, एक गाणं,” तो म्हणाला. “दोन-दोन सांगायचं नाही. जो दोन सांगेल त्याला काहीच आवडत नाही.”

काय ती निवडणूक. दादाचे ‘काचेचा घोडा’, पहिल्या बाजूचे तिसरे. ड्रायव्हरचे ‘उलटा जिना’. पेंटरचे ‘टेलिफोनमधला माणूस’, कारण त्यात एक बाई खोकते आणि ते त्याला फार गमतीचे वाटे. प्रत्येक जण आपलेच घोडे पुढे दामटत होता. पुरावा म्हणून सुई कुठेही आदळायची, “हे ऐक, हे ऐक,” आणि दुसरा सुईचा दांडा ओढून म्हणायचा, “ते सोड, हे ऐक.” माझ्या अंगावर काय होत होते हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

तेवढ्यात धाकटी दारात आली. दातात दोरा, हातात कॉलर. दोरा तोडून ती म्हणाली, “माझं शेवटचं.”

तिघांनी तिच्याकडे पाहिले. पेंटर हसला. “ते गाणं आहे होय? मला वाटलं मशीन बिघडतं.”

“तू पूर्ण ऐकलंयस का?” धाकटीने विचारले.

“तुला कोणी विचारलं गं?” दादा म्हणाला. रागाने नाही म्हणाला, हे सांगायला हवे. नुसते म्हणाला, माशी हाकलावी तसे. “चहा टाकलास का?”

ती आत गेली. चहा आला. तिघांनी प्याला आणि ‘काचेचा घोडा’ पुन्हा लावला.

मित्रांनो, आवडते गाणे असू नये असे मी म्हणत नाही. पण ज्यांच्यावर यांचे प्रेम, त्याच गाण्यांची यांनी चाळण केली. ‘काचेचा घोडा’ पांढरट पडला. त्यातला गाणारा पोरगा पडसे झाल्यासारखा गाऊ लागला. आणि जे उरले, त्यांना कोणी विचारीना. मी सात गाण्यांची होते. या लोकांनी मला तीन तुकड्यांची केले आणि वर म्हणायचे, आम्ही हिचे चाहते.

काही काळाने धाकटीला दूरच्या गावात कपड्यांच्या मोठ्या कारखान्यात काम मिळाले. जायच्या आदल्या दिवशी तिने ट्रंक भरली आणि बाहेर येऊन म्हणाली, “दादा, ती रेकॉर्ड मला देशील?”

“आमची रेकॉर्ड?”

“हो.”

“अगं, तिच्यासाठी तर सगळे जमतात. तुला गाणीच पाहिजेत ना? कॅसेट करून देतो.”

रात्रीपर्यंत बसून त्याने कॅसेट भरली. सकाळी मोठ्या कौतुकाने तिच्या हातात दिली. “सगळ्यांची आवडती घेतलीयेत.” तिने डबीच्या पाठीवरची गाण्यांची नावे वाचली. मग म्हणाली, “शेवटचं नाही यात.”

“जागा संपली गं.”

जागा संपली नव्हती. ‘काचेचा घोडा’ दोनदा भरला होता, त्याच कॅसेटवर, दोन्ही बाजूंना. मला माहीत आहे, कारण तो दोन्ही वेळा माझ्याच अंगावरून घेतला. यालाच तोंडाला पाने पुसणे म्हणतात. धाकटी ट्रंक उचलून निघाली. ती गेल्यावर दादाला ती कॅसेट रेकॉर्ड प्लेयरच्या झाकणावर सापडली. “विसरली बघ वेंधळी,” तो म्हणाला.

ती गेली आणि सुई उचलायला कोणी राहिले नाही. तिघे सज्जात गप्पा मारत बसायचे आणि सुई मध्यभागी पोचून खट् खट् करत फिरत राहायची. यावर पेंटरने तोडगा काढला. उंटावरचा शहाणा तो. शेवटच्या गाण्यावर त्याने रुंद चिकटपट्टीचे दोन तुकडे आडवे चिकटवले. म्हणजे सुई तिथे आली की तिला धक्का बसून ठप्प आवाज होईल, तो सज्जात ऐकू येईल, आणि कोणीतरी येऊन सुई उचलेल. वर ब्रशने त्याने एका पट्टीवर लिहिले, ‘बाद’. ड्रायव्हर पोट धरून हसला. दादाही हसला. काचा पुसणारा दादा. धाकटीचे काम त्यांनी चिकटपट्टीला दिले आणि त्यांना काहीच चुकल्यासारखे वाटले नाही.

पुढची वर्षे मी कपाटात उभी काढली. कॅसेट आल्या, गेल्या, लहान चकचकीत चकत्या आल्या, त्याही गेल्या. पेंटर दुसरीकडे राहायला गेला. दादाचे केस पिकले, त्याच्याच डोळ्यांवर जाड काचा आल्या. मी धुळीत होते. धुळीचा मला राग नाही, धूळ निदान मते देत नाही.

मग एक दिवस ड्रायव्हर धापा टाकत जिना चढून आला. निवृत्त झाला होता, पण आवाज तोच. हातात फोन. “अरे, आपल्या रेकॉर्डला इतकी वर्षं झाली म्हणून चाहत्यांनी मतं दिली. कुठकुठल्या देशांतल्या. पहिलं कोणतं आलं असेल?”

“काचेचा घोडा,” दादा म्हणाला.

“घोडा पाचवा. पहिलं ‘सावकाश’.”

दादाने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, “ते धाकटीचं.”

आता सांगा, राग येऊ नये का? अनोळखी हजारो लोकांनी चांगले म्हटले तेव्हा यांना ते चांगले वाटले. घरातली एक म्हणाली होती, तेव्हा चहा मागितला होता.

मला बाहेर काढले. चिकटपट्टी पिवळी पडून चामड्यासारखी झाली होती. ओढली तर अर्धी आली, डिंक तसाच राहिला. ड्रायव्हरने दाढीचे पाते आणले. खरवडले. मित्रांनो, त्याचे वर्णन मी करणार नाही. दादा शेजारी उभा राहून “हळू, हळू” म्हणत होता.

त्याच महिन्यात त्याने धाकटीला बोलावून घेतले. ती आली. आता कारखान्यात पन्नास बायकांवर देखरेख करत होती. दोन बोटांनी काठ धरून तिने मला उचलले आणि खिडकीशी नेले.

“हे कोणी केलं?”

“पेंटरनं लावली होती पट्टी. मग ड्रायव्हरनं...”

“घर कोणाचं होतं?”

दादाने माझे कव्हर तिच्यापुढे धरले. म्हणाला, “तुझ्यासाठीच काढलीये. घेऊन जा. लाव तरी, आपण दोघं ऐकू.”

तिने मला प्लेयरवर ठेवले आणि सुई बरोबर ‘सावकाश’च्या तोंडाशी टेकवली. ती जमिनीवर बसली नाही, खुर्चीत बसली. मी जीव तोडून वाजले. ऑर्गन आला, खरखरत का होईना आला. ब्रशचा ड्रम आला. गिटार अडखळत आली, प्रत्येक फेरीला दोनदा ठेचकाळत. दादा वाकून ऐकत होता. मग ती शांतता आली, आणि तिथून पुढे पात्याने चर ठेवलाच नव्हता. सुई घसरली आणि थेट मधल्या कागदापाशी जाऊन खट् खट् करू लागली.

दादाने सवयीने धाकटीकडे पाहिले. ती हलली नाही. शेवटी तो गुडघ्यावर हात टेकत उठला आणि त्याने स्वतः सुई उचलली.

“पुढं काय होतं गं?” त्याने विचारले.

तिने पिशवी खांद्याला लावली. “इतकी वर्षं होतं, दादा. याच खोलीत वाजत होतं. तू तिथं होतास, पाच पावलांवर.”

“सांग ना.”

“नाही सांगणार,” धाकटी म्हणाली. मला तिथेच ठेवून ती जिना उतरून गेली.

हो, आता ते गाणे फोनवर मिळते. दादाने नंतर ऐकलेही. ड्रायव्हरने लावून दिले, शांततेनंतरचेही सगळे आले. ऐकून झाल्यावर दादाने फोन ड्रायव्हरच्या हातात परत दिला. त्याने जे विचारले होते, ते फोनला विचारले नव्हते.

मित्रांनो, मला पुसू नका, जपू नका, माझ्यावर आता काही उरलेले नाही. पण तुम्हीही आवडती गाणी निवडाल. मित्र जमवाल, वाद घालाल, खुशाल घाला. तेव्हा तुमच्या घरात सुई कोण उचलते ते एकदा मान वळवून बघा. तिला तिचे आवडते गाणे विचारा. आणि ती सांगत असताना चहा मागू नका.