फुलैचच्या वाटेवरचा किल्टा

मी एक जुना किल्टा आहे, मित्रांनो. किल्टा म्हणजे पाठीवर वाहायची उभट टोपली. किन्नौरच्या डोंगरातल्या सुनामने बारीक डहाळ्यांनी मला विणलं, तेव्हा त्याची बायको पालमो म्हणाली होती, "एवढा रुंद? मला बसवून नेणार की काय?"

"दमलीस तर नेईन की."

मी शेणखत वाहिलं, जळण वाहिलं, सफरचंदं वाहिली. भाद्रपद सरता सरता फुलैच, म्हणजे फुलांचा सण, आला की माझी ऐट काय वर्णावी! उंच कड्यांवरची फुलं देवतेसाठी गावात यायची ती माझ्यातूनच. ज्या घरी वर्षात मरण झालेलं असे, ते घर डोंगरमाथ्यावर गेलेल्याच्या नावानं जेवण मांडी.

या वसंतात सुनाम मला एका खडकावर टेकवून अडकलेली शेळी सोडवायला उतरला. वरून बर्फाचा कडा कोसळला. गावकऱ्यांना मी सापडलो, तो सापडला नाही.

पालमो म्हणे, "ओझं ठेवून पलीकडच्या खोऱ्यात गेला असेल." मी सारं पाहिलं होतं. पण टोपलीला कुठलं तोंड?

फुलैच तोंडावर आला. शेजारीण म्हणाली, "यंदा तुमचंही जेवण वर जायला हवं. गावाला दोष लागेल."

"ज्याचं प्रेत कुणी पाहिलं नाही, त्याच्या नावानं जेवण कसलं?" पालमोने मला पार गोठ्यात नेऊन टाकलं. ओलीत माझ्या डहाळ्या कुजू लागल्या.

सासू तिथे आली. तिचा तो एकुलता एक मुलगा. ती हळूच म्हणाली, "पालमो, जिता असेल तर कुणीही भाकर देईल त्याला. पण गेला असेल, तर तुझ्याशिवाय कोण देणार गं?"

पालमोने मला गोठ्यातून बाहेर काढलं. मग तिने मला उन्हात वाळवलं, फाफर या डोंगरी धान्याच्या पोळ्या नि सुक्या जर्दाळूंनी भरलं आणि स्वतः पाठीवर घेतलं.

माथ्यावर तिने त्याच्या नावानं पान मांडलं. "तुझी आमा म्हणाली म्हणून आणलंय," ती पुटपुटली. "मीठ जास्त घातलंय, तुला लागतं तसं." उरलेलं तिने गावकऱ्यांना वाटलं. सगळे जेवले.

उतरताना माझ्यात फुलं होती. घरी आल्यावर सासूने दाराला कडी लावली. पालमोने उठून ती काढली.

मित्रांनो, जुन्या टोपल्या ओलीत टाकू नका. आणि वाट पाहणाऱ्या माणसाला घाई करू नका. त्याच्या घरी जा, दोन घास त्याच्यासोबत खा. आमच्या घराची कडी अजून काढलेलीच असते. आता सासूही ती लावत नाही.