बडीशेपेचे टोस्ट

डॉक्टरांनी मला त्या बैठकीला बोलावलं ते पेशंटची बाजू मांडायला. म्हणजे कॉफी प्यायची, मान डोलवायची, असा त्यांचा अंदाज असावा. निघताना माझा नवरा वोब्बे म्हणालाच, "भांडू नकोस गं."

"भांडत नाही, बोलते."

"तेच ते."

मूल व्हावं म्हणून मी बरीच वर्षं डॉक्टर आल्डर्टच्या औषधांवर काढली. नाही झालं. आता वोब्बे, मी, आमची होडी आणि एक म्हातारा कुत्रा, मजेत चाललंय आमचं. उगाच कुणी चुकचुकू नये.

बैठक इथेच होती, नेदरलँड्समध्ये, आमच्या ग्रोनिंगेनला. यजमान आल्डर्ट, डेन्मार्कहून आलेल्या डॉक्टर बोडिलबाई आणि आकडेमोड सांभाळणारा स्कॉटलंडचा फर्गस. नवा अभ्यास होता: तीन देशांतल्या, मूल होत नसलेल्या जोडप्यांना दोन उपचारांपैकी एक द्यायचा आणि कुठला सरस ते बघायचं. सगळं कसं गुण्यागोविंदाने चाललं होतं. मग प्रश्न आला, उपचार यशस्वी झाला असं कधी म्हणायचं?

"सोनोग्राफीत गर्भ दिसला की झालं," आल्डर्ट म्हणाले. "मागच्या अभ्यासात तसंच होतं. बाळंतपणापर्यंत थांबायचं म्हणजे अख्खं वर्ष वाढतं."

"आणि तेवढा धीर कुणाला आहे?" बोडिलबाई हसल्या.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मागच्या अभ्यासात मी होते. माझा गर्भ दिसला होता, ठोकेही दिसले होते. पुढच्याच महिन्यात सगळं संपलं. हिशेबात मात्र मी कायमची यशस्वी! खोटं कुणी बोललं नव्हतं, नियमच तसा होता. तो एक नियम बदलायचा म्हणून तर मी आले होते.

बोलून पाहिलं. "कळतं गं हिस्के, पण..." आल्डर्टचं 'पण' काही संपेना. जेवणाच्या सुट्टीत मी तडक कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. ज्या फळीपुढून मी वर्षानुवर्षं मान वळवून जात आले, तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि हवं ते उचललं.

दुपारच्या कॉफीला टेबलावर गोल टोस्ट मांडले. वर लोणी, लोण्यावर साखरेत घोळलेली बडीशेप, अर्ध्यांवर गुलाबी, अर्ध्यांवर निळी. आमच्याकडे बाळ झालं की हेच वाटतात.

"अरे वा! कुणाला झालं?" आल्डर्टनी टोस्ट उचललासुद्धा.

"मला."

"आँ?"

"मागच्या अभ्यासात मी पास झाले ना? वाटायचं राहूनच गेलं होतं. घ्या की, लाजताय काय!"

त्यांचा हात तोंडाशीच थांबला. बोडिलबाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, त्या आपल्या कुरुम कुरुम खात होत्या. "छान आहे हो! असे काय बघताय सगळे?"

"सांगा त्यांना," मी आल्डर्टना म्हटलं. त्यांनी सांगितलं. हे टोस्ट कधी वाटतात ते, आणि माझं काय झालं तेही. बोडिलबाईंनी घास कसाबसा गिळला. माझा राग तिथेच ओसरला. रडू मात्र आलं आणि मी ते लपवलं नाही.

"बाळ जन्मेपर्यंत थांबायचं," बशी बाजूला सारत बोडिलबाई म्हणाल्या. "फर्गस, वर्ष वाढवा."

"वाढवतो. मी सकाळपासून तेच म्हणणार होतो."

"मग दातखीळ बसली होती का रे?" मी डोळे पुसत विचारलं. सगळे हसले, फर्गस सगळ्यात मोठ्याने.

आल्डर्टनी हातातला टोस्ट बशीत परत ठेवला. "हा आता नको. आपल्या अभ्यासातलं पहिलं बाळ येऊ दे, मग खाईन."

अभ्यास सुरू झाला आणि पुढच्या वसंतात त्यांचा फोन आला. "हिस्के, टोस्ट आण गं!"

"झालं?"

"डेन्मार्कात. आई, बाळ दोघंही सुखरूप."

कोण आई, कुठलं गाव, मला काही ठाऊक नाही, कळणारही नाही. मी तशीच सायकल काढून दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीने माझ्या हातातले गुलाबी-निळ्या बडीशेपेचे डबे बघितले आणि तिचा चेहरा खुलला. "अभिनंदन हं! कुणाकडे झालं बाळ?"

"आमच्याकडे," मी म्हणाले.