भिंतीपलीकडची मेल

कंपनीत तिला सगळे टपालबाई म्हणायचे. हुद्दा मेल सर्व्हरच्या इंजिनिअरचा होता. पण कुणाची मेल पोचली नाही की लोक तिच्या टेबलापाशी येऊन "टपालबाई, आमचं कुठं अडलं?" असं विचारायचे, आणि तिलाही ते नाव आवडून गेलं होतं.

मुख्य कचेरी शहरात आणि कंपनीची खाण डोंगरापलीकडे. मधे मेलसाठी एकच वायरलेसची लाइन, तीही अशी रडतखडत चालणारी की एक फोटो पाठवावा आणि चहा पिऊन परत यावं. खाणीवर वेगळा मेल सर्व्हर नव्हता. त्यामुळे तिथल्या दवाखान्यातून शेजारच्या पंपघराला मेल पाठवली तरी ती आधी डोंगर ओलांडून शहरात यायची, टपालबाईच्या सर्व्हरवर रांगेत उभी राहायची, आणि पुन्हा डोंगर ओलांडून भिंतीपलीकडे जायची.

"तिथे एक छोटा सर्व्हर बसवू या. तिथली मेल तिथल्या तिथे फिरेल," असं तिनं मोठ्या साहेबांना दोनदा सांगून पाहिलं होतं.

"नको. खाणीवरचा प्रत्येक कागद इथून गेला पाहिजे. मला कळायला नको तिथे काय चाललंय?"

"पण तुम्ही वाचता का त्या मेल, साहेब?"

"वाचण्याचा प्रश्न नाही."

मग प्रश्न कशाचा होता, ते साहेबांनी सांगितलं नाही. शेवटी तिनं आपल्या हातात होतं तेवढं केलं. लहान मेल आधी सोडायच्या, आणि मोठ्या फायली कचेरी सुटल्यावर, लाइन मोकळी झाली की. खाणीवरची डॉक्टरीणबाई एकदा फोनवर म्हणाली होती, "हल्ली तुमचं टपाल बरं चालतंय हो." टपालबाई दिवसभर खुशीत होती.

मग कंपनीचा वर्धापनदिन आला. मोठ्या साहेबांनी भाषण केलं, त्याची फिल्म काढवली आणि खाणीवरच्या प्रत्येक माणसाला पाठवायला सांगितली. एकच फिल्म सगळ्यांना मिळून गेली असती तरी एक वेळ निभावलं असतं. पण साहेबांना प्रत्येकाचं नाव घालून शुभेच्छा द्यायच्या होत्या. म्हणजे जितकी माणसं तितक्या फिल्मा. सर्व्हरनं त्या निमूटपणे संध्याकाळच्या रांगेत लावल्या.

साहेब स्वतः तिच्या खोलीत आले. "माझं भाषण अजून पोचलं नाही म्हणे?"

"संध्याकाळी जाईल, साहेब. आत्ता सोडलं तर बाकी सगळं त्याच्या मागे अडकेल."

"माझी मेल आधी जाईल, बाकीचं मागून. काढा तो नियम."

"दवाखान्याची मेलसुद्धा याच रांगेत असते."

"मी काय सांगतोय?"

तिनं नियम काढला. साहेब पाठीशी उभे राहून बघत होते, आणि तिला आपल्याच बोटांचा राग येत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरून सासूबाईंचा फोन आला. "अगं, धाकट्याला दवाखान्यात टाकलंय. ओकाऱ्या थांबत नाहीत म्हणे. त्याच्याबरोबरचे कितीतरी जण आडवे झालेत."

तिचा धाकटा दीर खाणीवरच फिटर होता. तिनं लगेच डॉक्टरीणबाईला फोन लावला.

"टाकीच्या पाण्यात घाण मिसळलीय," डॉक्टरीणबाई म्हणाली. "सकाळी पहिले तिघं आले तेव्हाच मी पाणी तपासलं आणि पंपघराला मेल टाकली, टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा म्हणून. ती आत्ता पोचली. भिंतीपलीकडे!"

"तुम्ही नुसतं जाऊन सांगितलं असतं तर..."

"गेले नाही होय मी? पंपवाले काका हात जोडून म्हणाले, मागे तुमच्या तोंडी सांगण्यावरून पाणी तोडलं तर मला नोटीस मिळाली, यापुढे मेलशिवाय हात लावायचा नाही म्हणून साहेबांचा हुकूम आहे. तरी बिचाऱ्यांनी कचेरीला फोन केला. साहेब मीटिंगमध्ये होते. उत्तर मिळालं, मेल करा."

टपालबाईनं सर्व्हरची नोंद उघडली. डॉक्टरीणबाईची मेल शहरात लगेच आली होती. परतीच्या वाटेवर तिच्यापुढे साहेबांचं भाषण होतं, शंभरदा, दोनशेदा, प्रत्येकाच्या नावानिशी. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चौकशीच्या बैठकीत साहेब शांतपणे म्हणाले, "मेल सर्व्हरमध्ये तांत्रिक बिघाड झाला. बाईंनी खुलासा द्यावा."

"बिघाड?" ती उभीच राहिली. "सर्व्हर सांगितलं तेच करत होता, साहेब. तुमचं भाषण आधी सोड म्हटलं, त्यानं सोडलं. माणसं पाणी पीत राहिली आणि त्यांच्या आधी तुमच्या शुभेच्छा पोचल्या!"

"आवाज खाली करा."

"आवाज खालीच होता इतके दिवस. म्हणून तर ही वेळ आली."

अहवालात मात्र 'तांत्रिक बिघाड' हेच शब्द गेले.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. आधी तिच्यावरच उखडल्या. "म्हणजे माझ्या पोराच्या जिवाची चिठ्ठी तुझ्या दारात अडकून पडली होती?" मग नीट समजलं तेव्हा पदर खोचून म्हणाल्या, "हे तर चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि तू गप्प बसलीस?"

"नाही बसले, आई."

"मग आता काय करणारेस?"

कचेरीच्या कपाटात एक जुना, पण चालू कॉम्प्युटर पडून होता. टपालबाईनं तो पुसला, त्यावर सगळं बसवलं, चादरीत गुंडाळला आणि सामानाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून खाणीवर गेली. परवानगी मागितली नाही. मागून काय मिळतं ते तिनं दोनदा पाहिलं होतं.

दवाखान्यात दीर पलंगावर उठून बसला होता. गाल आत गेले होते, जीभ मात्र जागेवर होती. "वहिनी, भाषण सगळं पाहिलं बरं का. दुसरं काही करायला अंगात त्राणच नव्हतं."

तिला हसूही आलं आणि रडूही. तिनं त्याच्या पायावर हात ठेवला आणि कामाला लागली. औषधांच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला, दवाखाना, पंपघर, भांडार, सगळ्यांच्या वाटा त्यावर वळवल्या. बाहेरगावची मेल तेवढी डोंगरापलीकडे जाणार होती. डॉक्टरीणबाईनं एक ओळ लिहून पाठवली. तिचा हात अजून कीबोर्डवर होता तोच भिंतीपलीकडून पंपवाले काका ओरडले, "आली हो!"

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. "कुणाच्या परवानगीनं केलंत हे? ते यंत्र ताबडतोब उचलून आणा."

"आणते, साहेब. फक्त तोंडी सांगितलेलं आपल्याकडे चालत नाही. तुम्हीच केलेला नियम आहे. लेखी पाठवा, की उद्यापासून दवाखान्याची सूचना डोंगर ओलांडूनच पंपघराला जाईल. खाली तुमचं नाव घाला."

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज झाला. डॉक्टरीणबाई शेजारी कान देऊन उभी होती. तिनं टपालबाईच्या पाठीत एक धपाटा घातला.

तो लेखी हुकूम कधीच आला नाही. सर्व्हर औषधांच्या खोलीतच राहिला, आणि दीर महिन्याभरात कामावर गेला. टपालबाईला मात्र त्या वर्षी बढती मिळाली नाही. कारण विचारलं तर अहवालाकडे बोट दाखवलं गेलं. तांत्रिक बिघाड, जबाबदार बाई.

"सोडून दे आता," नवरा म्हणाला. "भाऊ बरा झाला ना?"

"तो बरा झाला म्हणून खोटं खरं होतं का?" तिनं विचारलं.

दर सोमवारी कचेरीत गेल्यावर ती पहिली मेल मोठ्या साहेबांना लिहिते. अहवालातली ती ओळ चुकीची आहे, दुरुस्त करावी. मेल लहान असते, लगेच पोचते. उत्तर अजून आलेलं नाही. ती पुढच्या सोमवारी पुन्हा लिहिते.