दुसऱ्या मोटारीचा विमा आणि कटंगीची टोपी

सर्व सुज्ञ वाचकांस प्रारंभीच नम्रपणे विदित करतो की, पुढील लेखनात एका जुन्या काळ्या मोटारीचा विमा वर्षागणिक कसा महाग होत गेला, त्या महागाईमुळे मजवर कोणता प्रसंग ओढवला, आणि त्या प्रसंगातून ज्यांचा मी आज ऋणी आहे ती माणसे मला कशी लाभली, याचे यथातथ्य कथन होणार आहे. यात युद्ध नाही व राजकन्याही नाही. एक नवरी मात्र आहे.

माझे शिक्षण कटंगीच्या शाळेत मराठी चौथीपर्यंत झाले. पुढे प्रांत बदलला, कचेऱ्यांची भाषा हिंदी झाली, विम्याचे कागद तर इंग्रजीतच येत राहिले. परंतु अंतःकरणातील गोष्ट शुद्ध मराठीतच लिहावी असा माझा हट्ट आहे. माणसांचे बोलणे मात्र जसे झाले तसेच लिहिले आहे, माझे स्वतःचेही. ते शुद्ध करण्याचा अधिकार मला नाही.

बालाघाट येथे माझी धानाची गिरणी आहे. सदर काळी मोटार मी भरवेलीच्या खाणीवरील एका साहेबाकडून, तो स्वदेशी परत जात असता, विकत घेतली. ती हँडल फिरवून सुरू होत असे, आणि तिचा मागचा दरवाजा आतून दोरीने बांधावा लागे. पुढे लामता व लांजीकडील कच्च्या रस्त्यांवर धानखरेदीस जाण्यासाठी मी जीप घेतली, आणि त्या दिवसापासून काळी मोटार ही आमच्या घरची दुसरी गाडी झाली. आमच्याकडे घरी एक गाडी असेल तर ती मालकाची. दोन असल्या तर दुसरी गावाची. लग्नसराईत ती माझ्या दारी क्वचितच दिसे. कोणाच्या वरातीत नवरदेव घेऊन जाई, कोणाची लेक सासरी पोचवी, आणि अंगावर हळदीची बोटे घेऊन परत येई.

सन १९६६ च्या माघ महिन्यात विमा कंपनीचे एजंट हिरालाल नेहमीप्रमाणे गोंदियाहून आले. हे गृहस्थ स्वभावाने सरळ असून चहात साखर तीन चमचे घेत. त्यांनी पहिला घोट घेऊन बशी खाली ठेवली.

"सेठजी, औंदा हप्ता वाढला."

"मागच्या सालीही वाढलता," मी म्हणालो.

"हौ. त्याच्या मागच्या सालीही. मी काय करू, गाडी दरसाल म्हातारी होऊन राह्यली."

"म्हाताऱ्या गाडीची किंमत कमी होते. मंग बीमा काहून वाढते?"

"किंमत कमी होते, पण सामान भेटत नाही तिचं. दिवा फुटला तं कलकत्त्याहून आणा. अन् कंपनीले दिव्याची फिकर नाही, दिव्यापुढं जो येईन त्याची हाये. बिरेक कशे हायेत?"

"लागते."

माझा ड्रायव्हर वसंता दारात उभा होता. तो म्हणाला, "आधी सांगून ठेवलं तं लागते."

हिरालालांनी त्याच्याकडे पाहिले व पुन्हा मजकडे वळले. "अन् दुसरी गोष्ट. घरी जीप आली, तवापासून ही दुसरी गाडी. कंपनी इचारते, मालक तं जीपमंधी बसते, मंग हिले चालवते कोण?"

मी सत्य तेच सांगितले. वसंता चालवतो. माझा पुतण्या तेजराम चालवतो. गेल्या वर्षी त्याने ती धानाच्या बांधीत उतरवली होती. ज्याच्या घरी लग्न असेल त्याचा जावई चालवतो, आणि जावयास येत नसेल तर ज्यास येते असे तो म्हणेल तो.

हिरालालांनी लेखणीस टोपण लावले. "सेठजी, हे मी ऐकलं नाही."

"मी खरं सांगतलं."

"म्हणून तं ऐकलं नाही म्हणतो."

तदनंतर त्यांनी दोन मार्ग समजावून सांगितले. गाडी अशीच सर्वांच्या हाती राहिली, तर हप्ता इतका होईल की त्यात बैलांची एक जोडी यावी. परंतु 'ही गाडी मालकच चालवील, अन्य कोणाच्या हाती देणार नाही' असे मी लिहून दिले, तर हप्ता जवळजवळ मागील वर्षाइतका राहील. ही अट मोडून अपघात घडल्यास कंपनी एक पैसाही देणार नाही. ज्याला लागले त्याचे सर्व काही मलाच भरावे लागेल. मी लेखणी घेतली व चैतराम असे वळणदार अक्षरात लिहून दिले. सही करताना मला आनंदच झाला, कारण पैसे वाचले होते, आणि लग्नसराई अद्याप दूर होती.

आता गोदाबाईंचा परिचय देणे अगत्याचे आहे. गोदाबाई या माझ्या गिरणीत तांदूळ पाखडण्याच्या कामावर होत्या. यजमान वारल्यावर त्यांनी एकटीने लेक वाढवली. त्या बौद्ध मोहल्ल्यात राहत. दिवाळीच्या सुमारास त्यांनी मला विचारले होते, "मालक, माह्या अनुसयाचं जुळलं कटंगीले. पोरगा पोस्टात हाये. तिले तुमच्या काळीत बसवून पाठवीन म्हणतो. द्याल का?" मी तात्काळ हौ म्हणालो होतो. त्या मोहल्ल्यात माझी मोटार पूर्वी कधी गेली नव्हती. कोणी मागितलीच नव्हती, आणि का मागितली नाही हे मी कधी विचारले नव्हते.

फाल्गुनात गोदाबाईंनी दिवस सांगितला. मुहूर्त पाहिला नव्हता. त्यांच्या नव्या रीतीत तो पाहत नाहीत. सर्वांना सुटी म्हणून रविवार धरला होता. मी अडखळत त्यांना विम्याच्या अटीचे सांगितले. त्यांनी सूप खाली ठेवले नाही.

"तेली मोहल्ल्यात वरातीले गेलती ना गाडी? संक्रांतीनंतर?"

"तवा कागद झाला नव्हता, गोदाबाई."

"अन् मिश्राच्या घरी?"

"तेही आधीच."

"म्हणजे सगळ्यायची लग्नं झाली अन् मंग कागद आला." त्यांनी तांदूळ एकदा पाखडला. "तारीख मोठी चांगली सापडली, मालक. नवी जीप आली तं जुन्या गाडीले सोवळं चढलं म्हणाचं."

आजूबाजूच्या बायांची सुपे थांबली. मी म्हणालो, की मी भाड्याची गाडी करून देतो, खर्च माझा. त्यावर त्या शांतपणे बोलल्या, "भाडं मले देता येते. चार वर्सं झाले जमा करून राह्यली. गाडी भाड्याची नाही मांगतली मी. तुमची मांगतली."

मी दिलेला शब्द मोडत होतो, आणि तोही पहिल्यांदाच मागणाऱ्या घराला दिलेला. कागदाची गोष्ट सत्य होती, परंतु ती सत्य आहे यावर त्या अंगणात कोणाचाही विश्वास बसणार नव्हता. आणि त्यांच्या जागी मी असतो तर माझाही बसला नसता.

घरी येऊन मी सर्व वृत्तांत माझ्या कुटुंबास, म्हणजे जिजाबाईस, सांगितला. ती भाकरी थापत होती. मी म्हणालो, की वसंताला गुपचूप पाठवावे काय.

"रस्त्यात काही झालं तं?" ती म्हणाली. "अनुसयाले लागलं तं कोण भरन? कागदावर नाव कोणाचं हाये?"

"माहं."

"मंग तुम्ही चालवा."

"मी?"

"तुमच्यापाशी लायसन हाये ना? का तेही जीपवाल्या वसंताचं हाये?"

"जिजा, लोकायच्या लग्नात मी ड्रायव्हर म्हणून जाऊ?"

तिने भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मंग अडवते ते कंपनी नाही. उगीच त्या हिरालालचं नाव काहून घेता?"

वाचकहो, मी अनेक ग्रंथ वाचले आहेत, परंतु एवढ्या थोड्या शब्दांत माझा एवढा स्पष्ट परिचय मला कोणी करून दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी गोदाबाईंना एवढेच सांगितले की, "गाडी येईन." त्या म्हणाल्या, "पाहू."

पुढील सर्व दिवस मी गिरणीच्या आवारात मोटार फिरवण्याचा अभ्यास केला. वसंता बाजूला बसे. "मालक, भिंत आपलीच हाये, घाबरू नका," असे तो मला धीर देई. हँडल फिरवताना अंगठा आत ठेवू नये, हे मी अंगठ्यास मार लागल्यानंतर शिकलो.

रविवारी मी पांढरे धोतर नेसून, मोटारीस झेंडूची माळ बांधून, बौद्ध मोहल्ल्यात गेलो. मांडवात बुद्धाची व बाबासाहेबांची तसबीर होती, आणि नवरी पांढऱ्या लुगड्यात उभी होती. गोदाबाई मोटारीपाशी आल्या. त्यांनी आत पाहिले, मागे पाहिले.

"वसंता कुठं हाये?"

"तो नाही. कागदात माहंच नाव हाये."

मग मांडवाकडे वळून त्यांनी मोठ्याने हाक दिली, "अवं, ड्रायव्हरले आधी जेवू घाला. त्याले कटंगीपावतर जायचं हाये."

मी मांडवात चटईवर बसलो. पत्रावळीवर भात, वरण, वांग्याची भाजी व बुंदी वाढण्यात आली. आमच्या समाजातील कोणी त्या अंगणात यापूर्वी जेवल्याचे मला ज्ञात नाही. वाढणाऱ्या मुली थोड्या दूर उभ्या राहून पाहत होत्या, की हा खातो की नुसता शिवतो. मी दुसऱ्यांदा भात मागितला. भूक लागली होती, हे एक कारण. भाजी फार चांगली झाली होती, हे दुसरे. तेव्हा त्यातील एक हसली आणि तिने बुंदी मूठभर जास्त टाकली.

नवरा-नवरी मागे बसली, आणि नवरीची पाठराखीण म्हणून तिची मावशी मैनाबाई माझ्याशेजारी बसली. ही मैनाबाई लांजीची. तिने मला पूर्वी पाहिलेले नव्हते. गाडी वैनगंगा ओलांडून थोडी पुढे जाते तोच ती म्हणाली,

"कारे ड्रायव्हर, किती वर्सं झाले तुले गाडी चालवून?"

"आठ दिवस, मावशी."

"मालकानं दुसरा नाही देल्ला का?"

"नाही. मालक चिक्कू हाये."

"दिसतेच. दरवाजा दोरीनं बांधला." मग तिने मागे वळून अनुसयेस म्हटले, "तुही माय म्हणे मालक मोठा माणूस हाये."

मागून अनुसया दबक्या आवाजात "मावशी, वो मावशी" असे म्हणत होती आणि प्रेमलाल, म्हणजे तिचा नवरा, रुमाल तोंडाशी धरून खिडकीबाहेर पाहत होता. मी मात्र रस्ता पाहत होतो. वारासिवनीच्या अलीकडे मोटारीतून वाफ निघू लागली व ती थांबली. मी विहिरीवरून पाणी आणून घातले, हँडल फिरवले. ती जागची हलेना. तेव्हा मैनाबाईने पदर खोचला.

"चाल रे जवाईबापू, उतर. अनुसया, तूही उतर. आपण ढकलतो. ह्या बापुड्याले आत बसू दे, त्याले तेवढंच येते."

अशा रीतीने नवरा, नवरी व मावशी मागून ढकलत होती, आणि मी सुकाणू धरून आत बसलो होतो. गाडी सुरू झाली तेव्हा नवरी इतकी हसत होती की तिला आत बसता येईना. सासरी जाणारी मुलगी वाटेत रडते असेच मी आजवर ऐकले होते.

कटंगीस पोचल्यावर प्रेमलालच्या वडिलांनी, पुनारामांनी, रीतीप्रमाणे ड्रायव्हरचा मान केला. मला नारळ, टॉवेल व पांढरी टोपी दिली, आणि कपाळी बुक्का लावला. प्रेमलालने त्यांच्या कानात काही सांगितले, तेव्हा म्हातारा गडबडून मागे सरला. मी ती टोपी लगेच डोक्यावर घातली, की परत मागण्याची सोय राहू नये. मैनाबाईला तोपर्यंत सर्व कळले होते. ती मोटारीपाशी येऊन म्हणाली, "दादा, मी बोलली ते मनात ठेवू नका." मी सांगितले, की मालक चिक्कू आहे हे तिच्याआधी मीच बोललो होतो.

सोमवारी गोदाबाई नेहमीच्या वेळेवर कामावर आल्या. सूप हाती घेऊन त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिले.

"टोपी जरा मोठी हाये, मालक. धुतली का बसन बराबर." मग सुपात तांदूळ घेत, "कंपनीचा कागद खुश हाये ना?"

"खुश हाये."

"मीही हाये," त्या म्हणाल्या, आणि तांदूळ पाखडू लागल्या.

त्यानंतर ज्याने काळी मोटार मागितली त्याला ती मजसहित मिळाली. पूर्वी ती माझ्यावाचून ज्या अंगणांत जाई, तेथे आता मीही जातो, बसतो, जेवतो, आणि कोणाची सून कोठली हे मला विचारावे लागत नाही. बौद्ध मोहल्ल्यातून आता मागणी येते, आणि आधी "ड्रायव्हर रिकामा हाये का" असे विचारून येते.

पुढल्या माघात हिरालाल आले. हप्ता पुन्हा वाढला होता, आणि मी भांडेन म्हणून बिचारे चहा न घेताच बोलू लागले. मी म्हणालो, "आधी चहा घ्या," आणि सही करून दिली. त्यांनी सही दोनदा पाहिली.

"सेठजी, तब्येत बरी हाये ना?"

"बरी हाये. रविवारी लामत्याले लग्न हाये, मले जायचं हाये. लवकर आटपा."

ज्या कंपनीने हप्ता वाढवला तिचे, ज्या हिरालालांनी अट घातली त्यांचे, जिने ती अट मला नीट वाचून दाखवली त्या जिजाबाईचे, आणि ज्यांनी भाड्याची नव्हे तर माझीच गाडी मागितली त्या गोदाबाईंचे उपकार मजवर आहेत. ते कसे फेडावेत हे मला न कळल्यामुळे मी हे लिहिले. टोपी धुतल्यावर बरोबर बसली, हेही नमूद करतो.

शब्दांत चुका झाल्या असतील त्या वाचकांनी सांभाळून घ्याव्यात. आपण वेळ काढून येथवर वाचलेत, याबद्दल आपले मनःपूर्वक आभार.

आपला कृतज्ञ,
चैतराम डोमाजी फुंडे,
गिरणीमालक व ड्रायव्हर, बालाघाट