रिक्तोच्चार, आडवा, चार चौकोन

आमच्या ह्यांनी भाषाविज्ञानातल्या संज्ञांचा कोश केला आहे. त्यातला एक शब्द त्यांनी स्वतः घडवलाय: रिक्तोच्चार. बोलताना पुढचा शब्द सापडेपर्यंत आपण ‘अं’, ‘म्हणजे’, ‘ते आपलं’ करत वेळ मारून नेतो ना, त्याला म्हणायचं रिक्तोच्चार. विद्यार्थ्यांनी तो परीक्षेपुरता पाठ केला आणि पेपर टाकून बाहेर पडताना विसरले. आता नवी आवृत्ती निघायची, तर प्रकाशकाने अट घातली: जो शब्द कोशाबाहेर कुठे छापलेला दाखवता येणार नाही, तो गाळायचा. ह्यांचं जेवणावरून लक्ष उडालं.

एका दैनिकाचं रोजचं शब्दकोडं मी करते. एके सकाळी हे माझ्या टेबलाशी घुटमळायला लागले.

“अगं, चार अक्षरी शब्द लागतात का गं तुला?”

“लागतात की.”

“नाही, सहज विचारलं.”

सहज कसलं डोंबल! पण आयुष्यभर मला व्याख्यानं ऐकवणारा हा माणूस पहिल्यांदाच काहीतरी मागत होता, तेही न मागता. माझा जीव विरघळला. मी अर्धं कोडं मोडून आडवे चार चौकोन मोकळे केले. कोशात नसलेला शब्द कोड्यात घालायचा नाही, हा माझा नियम. तो मी याही वेळी पाळला. कोशाचं पान उघडून हे शेजारीच उभे होते. शोधसूत्र दिलं: ‘शब्द आठवेपर्यंत केलेलं अं-अं’.

कोडं छापून आलं, खाली नेहमीसारखं उलटं छापलेलं उत्तर, आणि वाचकांनी संपादकांना फोन करकरून भंडावून सोडलं. एका निवृत्त न्यायाधीशांनी म्हणे घरातले सगळे कोश पालथे घातले होते. संपादकांचा मला फोन आला.

“ताई, हा शब्द आणलात कुठून?”

“कोशातून.”

“कुणाच्या?”

“अं… म्हणजे… ते आपलं…”

संपादक काय समजायचं ते समजले. दुसऱ्या दिवशी चौकटीत दिलगिरी आली: ‘कालच्या कोड्यातील रिक्तोच्चार असा कोणताही शब्द भाषेत नाही.’ आणि मला निरोप आला की यापुढे कोडी बाहेरून तयार घेणार आहोत. सकाळी उठून मला करावंसं वाटायचं असं ते एकच काम होतं.

हे मात्र हातात कात्री घेऊन उभे.

“अगं, दोनदा छापला! कोड्यात एकदा, दिलगिरीत एकदा. आता प्रकाशक काय बोलेल?”

“अहो, माझं कोडं गेलं.”

“हो का? अरेरे,” म्हणत त्यांनी कात्रण डकवलं आणि खाली सुवाच्य अक्षरात नोंद केली. मी वाकून वाचलं: ‘प्रथम वापर: दैनिकातील शब्दकोडे. कर्ता अज्ञात.’

“अज्ञात?”

“कोड्याखाली नाव कुठे छापतात गं? पुराव्याशिवाय मी काही लिहीत नाही, तुला माहीत आहे.”

इतका राग मला संपादकांचाही आला नव्हता.