चौकच्या बाजारात शिकवलेलं वाक्य

"परत म्हणा, साहेब," टांगा चौक गावच्या वेशीत शिरता शिरता सिराजने फर्मावलं. "मी अडाणी माणूस. मला फसवा."

ओस्तापसाहेबाने टोपी मांडीवर घेतली आणि तिसऱ्यांदा ते वाक्य घोकलं. 'लांबून आलोय, रास्त भाव सांगा' असा त्याचा अर्थ, असं सिराजने त्याला सांगितलं होतं. बिचाऱ्याने विश्वास ठेवला. युक्रेनकडचा माणूस तो, ओडेसा बंदरातून कातडी कमावायचा हिरडा घ्यायला आलेला. मराठीशी त्याचं काय देणंघेणं? दोघांचं मोडक्या हिंदुस्थानीवर भागत होतं.

सिराज खालापूरचा दलाल. येईल त्या परदेशी व्यापाऱ्याला तो हेच वाक्य शिकवी. त्यात दुष्टावा नव्हता हो, धंद्याची रीतच ती! गोरा माणूस असं बोलला की बाजार खो खो हसे, आणि हसणारी माणसं भाव फार ताणून धरत नाहीत. "एक दिवस अंगाशी येईल," असं त्याची बायको झोहरा म्हणे, आणि सिराज ते हसण्यावारी नेई. यंदा मात्र गोष्ट निराळी होती. साहेबाच्या पेढीला इथे कायमचा अडत्या नेमायचा होता. वीस वर्षं वाड्यावस्त्या तुडवून सिराजचे गुडघे गेले होते, ही जागा त्याला हवीच होती.

बाजारात बाया हिरड्याची पोती मांडून बसल्या होत्या. साहेबाने छाती पुढे काढून वाक्य म्हटलं. गौराबाईच्या डोळ्यांत हसता हसता पाणी आलं. सुंदराने तोंडात पदर कोंबला. एकटी म्हातारी चंद्राबाई तेवढी हसली नाही.

"आसं कुनी बोलतं का रं, लेकरा?" ती साहेबाला म्हणाली. "परक्या मुलखातला तू. तुला कशाला फसवू?"

आणि तिने आपलं पोतं चक्क उपडं केलं. वर खडखडीत वाळलेला हिरडा, बुडाशी वजनासाठी भिजवलेला. भिजवत सगळ्याच होत्या, दलालांनाही ते ठाऊक होतं. पण भर बाजारात कुणी दाखवलं नव्हतं. चंद्राबाई मुकाट्याने ओला हिरडा वेगळा काढत बसली. मग गौराबाईने मान खाली घालून आपलं पोतं ओतलं, मग सुंदराने.

दुपारी साहेब टांग्याने कर्जतला निघाला. सिराज मागून पोत्यांच्या गाडीत आला. स्टेशनात पोचला तेव्हा साहेब त्याची वाटच बघत उभा होता.

"म्हातारीने पोतं का ओतलं, ते मी टांगेवाल्याला विचारलं. त्याने सगळं सांगितलं."

सिराजने हात जोडले.

"साहेब, ती... बाजारातली मस्करी होती."

"असू दे. आता तू शीक. म्हण, या चोलोविक दुर्नी, ओबदुरीत मेने."

सिराजने अडखळत म्हटलं. "म्हणजे काय, साहेब?"

"तू मला शिकवलंस तेच, आमच्या भाषेत. आठ दिवसांनी माझा भागीदार येईल, दानिलो. अडत्या तोच नेमणार आहे. गाडीतून उतरला की त्याला हे म्हण."

घरी येऊन सिराजने आदळआपट केली. आपल्याच तोंडाने आपल्याला मूर्ख म्हणायचं? आणि वर नोकरी मागायची?

"इतक्या जनांना म्हनायला लावलंत," झोहरा भाकरी थापता थापता म्हणाली. "आता तुमची पाळी आली तर जीभ जड झाली व्हय?"

आठ दिवस सिराजला जेवण गोड लागलं नाही. डोळ्यांसमोर सारखी चंद्राबाई येई, ओला हिरडा निवडत बसलेली.

आठव्या दिवशी तो कर्जतला गेला. गाडीतून एक जाडजूड, तांबड्या मिशांचा साहेब उतरला. नुसता सलाम ठोकला असता तरी कुणाला काय कळणार होतं? सिराजने घसा खाकरला.

"या चोलोविक दुर्नी, ओबदुरीत मेने."

दानिलोसाहेब हसला नाही. त्याने सिराजला एकदा नीट न्याहाळलं. मग खिशातून ओस्तापसाहेबाने त्यांच्या लिपीत लिहून दिलेली एक चिठ्ठी काढली, चष्मा लावला आणि एकेक अक्षर जुळवत मोठ्याने वाचलं.

"मी अडाणी माणूस. मला फसवा."

फलाटावरचे हमाल पोट धरधरून हसायला लागले. सिराजला हसू आलं नाही, उलट त्याचे डोळे भरून आले.

"नाय, साहेब," तो म्हणाला. त्या साहेबाला मराठीचं अक्षर कळत नाही हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. "तुमाला कशाला फसवू?"

त्याने साहेबाची पेटी उचलली आणि टांगेवाल्याला हाक मारली.

"चौकला घे रं. आधी चंद्राबाईकडं."