वापरातली साडी

सहार विमानतळावरच्या बायकांच्या बाथरूममध्ये उत्तरानं चपला काढल्या, एक नवी कोरी साडी फरशीवर टाकली आणि तिच्यावर उभं राहून ती तुडवू लागली. चेहरा अगदी शांत होता. एक झाली की झटकून बॅगेत कोंबायची, दुसरी काढायची. तिची धाकटी जाऊ शुभा बेसिनला टेकून हे बघत होती आणि मदतीला पुढे होत नव्हती.

हा कानमंत्र टूरवाल्या अण्णांचा. घडीतली साडी म्हणजे नवी, तिच्यावर ड्यूटी. चुरगळलेली किंवा अंगावरची साडी म्हणजे वापरातली, तिला कोणी हात लावत नाही, असं त्यांनी विमानात प्रत्येक बाईजवळ वाकून सांगितलं होतं. ग्रूपमधल्या बाकीच्या बायका आपापल्या साड्यांचा चोळामोळा करून केव्हाच बाहेर पडल्या होत्या. उत्तराच्या साड्या जास्त होत्या. मुलीचं, वसुधाचं लग्न मार्गशीर्षात होतं.

शुभाला कसली चिंताच नव्हती. तिनं सिंगापुरात घेतलं ते सगळं तिच्या अंगावर होतं: एक पाय लाल आणि एक पाय काळा अशी पँट, पाठीवर टिकल्यांचा हिरवा पोपट असलेला आखूड कोट आणि काखेत माशाच्या आकाराची पर्स, जिचं तोंड चेननं उघडायचं. मुलुंडच्या बाजारात ही बाई या अवतारात भाजी घ्यायला निघाली की दुकानदार माप धरलेला हात तसाच ठेवून बघत राहणार, हे ठरलेलं होतं. तिला तेच हवं होतं.

मुळात या दोघी एकत्र सहलीला जाणार नाहीत असं कोणी पैजेवर सांगितलं असतं तर पैज हरला असता. नंदकिशोर आणि मधुकर या त्यांच्या नवऱ्यांचं, दोघा भावांचं, मुलुंडला पंखे-मिक्सरचं दुकान. कंपनीनं बक्षीस म्हणून सिंगापूर आणि पेनांग बेटाची दोन तिकिटं दिली. थोरल्यानं बायकोला घेऊन जावं तर धाकट्याचं तोंड वाकडं, धाकट्यानं जावं तर थोरल्याचा मान जातो. शेवटी ‘तुला ना मला, घाल कुत्र्याला’ या न्यायानं तिकिटं बायकांच्या पदरात पडली. शुभानं ही म्हण घरात जेवताना बोलूनही दाखवली होती. कोणी हसलं नाही.

पेनांगचं हॉटेल समुद्राला लागून होतं. खोलीत एकच मोठा पलंग, त्यावर फुलं पसरलेली. उत्तरानं फुलं झाडून टाकली आणि मधोमध उशांची भिंत घातली. दिवसभर ती छत्रीखाली समुद्राकडे पाठ करून बसायची. शुभा चेरी लावलेली टोपी घालून पाण्यात गुडघाभर उभी राहायची. ग्रूपमधल्या कोणी तरी विचारलं तेव्हा उत्तरानं सांगितलं, ती माझ्याबरोबर नाही, नुसती एका खोलीत आहे. हे शुभाच्या कानावर आलं आणि दुसऱ्या दिवशी ती टोपी घालूनच जेवायला बसली.

या वैराला एक साधं कारण होतं. त्यांच्या घरात पाडव्याला उत्तराच्या नव्या साडीची घडी शुभानं मोडायची, म्हणजे ती पहिल्यांदा शुभानं नेसायची, असा सासूबाईंनी पाडलेला रिवाज. वसुधा चौथीत होती त्या वर्षी शुभाचं बाळ पोटातच गेलं. पाडव्याला सासूबाईंनी नेहमीप्रमाणे साडी पुढे केली, शुभानं हात पुढे केला, आणि उत्तरानं ती मधल्या मध्ये उचलली. “तिच्या हातून नको,” ती सासूबाईंना म्हणाली आणि साडी घेऊन शेजारच्या द्रौपदीबाईंकडे गेली. शुभाचा हात तसाच पुढे राहिला. तो तिनं कधी मागे घेतला, हे तिला अजूनही आठवत नाही.

त्यानंतर शुभानं नवी साडी घेतली नाही. हँगरवरचे कपडे घ्यायला लागली. त्यांना घडी नसते, त्यामुळे ती कोणी मोडावी हा प्रश्न येत नाही. लोक म्हणाले, मधुकरच्या बायकोला फॅशनचं वेड लागलं. लागलं तर लागलं.

पण वसुधाचं लग्न ठरलं तेव्हा ती जुनी जखम पुन्हा ओली झाली. या मुलीच्या वेण्या शुभानं घातल्या होत्या, तिचं गणित शुभानं घेतलं होतं. हळद दळायला पाच सवाष्णी लागतात. उत्तरानं पाचही बिल्डिंगमधून गोळा केल्या. घरातली सवाष्ण चहाचे कप विसळत ती नावं ऐकत होती.

बाथरूममध्ये आता दोन साड्या उरल्या. दोन्ही जरीच्या, पाय लावता येणार नाही अशा. जांभळी वसुधाच्या होणाऱ्या सासूला द्यायची, मोरपंखी वसुधाला रिसेप्शनमध्ये नेसायची. उत्तरा दोन्ही हातात घेऊन क्षणभर उभी राहिली. मग तिनं अंगावरची साडी फेडली, जांभळी नेसली आणि मोरपंखी शुभापुढे धरली.

“ही नेस.”

“माझ्याकडे परकर नाही,” शुभा म्हणाली.

“पँटवरून नेस.”

“ड्यूटी भरा ना, वहिनी. एवढ्या साड्या तुडवल्यात, एकीची भरा.”

उत्तराचा हात मागे गेला नाही. साडी तशीच पुढे धरलेली. शुभाला वाटलं, नको म्हणावं आणि हिचा हात असाच हवेत राहू द्यावा. इतकी वर्षं याच घटकेची वाट बघितली होती. आपण हात पँटला पुसतोय हे तिच्या लक्षात आलं आणि स्वतःचाच राग आला.

“माझ्या हातून चालेल?” तिनं विचारलं.

“कस्टमवाल्याला चालेल.”

थोबाडीत बसावी तसं हे बसलं. शुभानं साडी हिसकावूनच घेतली. आतला पुठ्ठा काढून माशाच्या पर्समध्ये कोंबला, घडी फाडल्यासारखी उलगडली, निऱ्या पँटच्या पट्ट्यात खोचल्या आणि पदर कोटावरून टाकला. पाठीवरचा पोपट पदराच्या कडेनं अर्धा डोकावत राहिला. आरशात बघून उत्तरानं मान फिरवली, पण जाता जाता वाकून एक निरी सारखी केली.

काउंटरवरचा माणूस मराठीच निघाला. त्यानं उत्तराची बॅग उघडून चुरगळलेल्या साड्यांचा ढीग पाहिला, कंटाळून बंद केली आणि शुभाकडे वळला. नजर आधी पोपटावर गेली, मग पँटच्या लाल पायावर, मग साडीवर. साडीची जर नवी कोरी चमकत होती.

“ही साडी नवी दिसते.”

शुभानं उत्तराकडे बघितलं. तुम्हीच बोला आता, असा तिचा चेहरा होता.

“नवी कशी?” उत्तरा म्हणाली. “घडी मोडलीय तिची. हिनं मोडलीय, माझ्या जावेनं. आमच्याकडे घडी मोडली की साडी वापरातली.”

तो हसला, खडूनं बॅगांवर फुल्या मारल्या आणि जा म्हणाला. शुभाला हसू आलं नाही. कस्टमवाल्याला सांगितलेलं काही खरं नसतं, हे तिला कळत होतं.

टॅक्सीत दोघी दोन खिडक्यांना चिकटून बसल्या. पवईचा तलाव मागे पडला, भांडुप, नाहूर आलं. नाहूरच्या फाटकाशी टॅक्सी थांबली तेव्हा शुभाची नजर उत्तराच्या अंगावरच्या जांभळ्या साडीवर गेली. विहिणीची साडी. आई होती, मुलीची साडी स्वतः नेसू शकली असती. विहिणीची आपल्याला देऊ शकली असती. दोन्ही तिच्याच हातात होत्या. शुभानं पुन्हा बाहेर बघायला सुरुवात केली, पण बाहेर काय आहे ते तिला दिसत नव्हतं.

घरी वसुधा दारातच उभी होती. काकूचा अवतार पाहून तिनं तोंडावर हात ठेवला. शुभानं हॉलमध्येच साडी फेडली, पर्समधून पुठ्ठा काढला आणि जुन्या मोडींवरून साडी परत घडीत बसवली. हे काम ती फार छान करायची. कडा कडेला, जर जरीला. दुकानातून आत्ताच आणल्यासारखी दिसायला लागली. तिनं ती उत्तरापुढे केली.

“घ्या. कोणाला कळणार नाही.”

उत्तरानं घडी हातात घेतली, पालथी करून पाहिली आणि एका हिसक्यात उलगडून टाकली. पुठ्ठा जमिनीवर पडला. साडी तिनं वसुधाच्या खांद्यावर टाकली.

“काकूनं घडी मोडलीय,” ती म्हणाली. “नेस आता.”

वसुधा दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिली. उत्तरा खाली बसून तुडवलेल्या साड्या बॅगेतून बाहेर काढू लागली. शुभा आपल्या खोलीच्या दाराशी पोचली होती तेव्हा मागून आवाज आला, नेहमीसारखाच खरखरीत.

“आणि हळदीच्या दिवशी तो पोपट नको.”

“बघू,” शुभा म्हणाली.

तिनं कोट काढून हँगरला लावला, हँगर कपाटात अडकवला. कपाटाचं दार लावायला मात्र तिला बराच वेळ लागला.